पाठीला बांधलेली बॅग

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर या गोष्टीतला एक आवाज तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि सगळी गोष्ट त्या आवाजासाठीच तर सांगायची आहे. गोष्ट दारूची आहे, हाणामारीची आहे, पण देवाचं नाव घेऊन सांगावी अशी आहे. तर ऐका.

इस्पितळातल्या कॅज्युअल्टीच्या दारावर बाहेरून लाथ बसली आणि एक झडप भिंतीवर जाऊन आदळली. रविवारची भर दुपार होती. खिडकीतलं ऊन फरशीवर चौकोन करून पडलं होतं. त्या उन्हात आधी वास आला, दारूचा, उलटीचा, घामाचा, आणि त्यामागून उलट्या पावलांनी चालत एक काडीसारखा पोरगा आला. दुसऱ्या एका जाडजूड पोराला काखेत हात घालून तो ओढत आणत होता. जाड्या बेशुद्ध होता. त्याच्या टाचा फरशीवर घासत होत्या आणि एका पायातला बूट वाटेत कुठेतरी गळाला होता. नवल म्हणजे त्याच्या पाठीला कॉलेजात नेतात तसली मोठी बॅग होती. दोन्ही पट्टे खांद्यांतून घट्ट आवळलेले, शिवाय छातीवरून कमरेचा एक पट्टा बांधलेला. पट्टा ओढणाऱ्याचा असावा, कारण त्याची पँट दर पावलाला खाली घसरत होती.

मागून एक मुलगी चपला हातात घेऊन धावत आली.

"काड्या, हळू! अरे, ढोल्याचं डोकं आपटेल!"

म्हणजे ओढणारा काड्या आणि ओढला जाणारा ढोल्या. मित्रांनी ठेवलेली नावं होती आणि अंगाला बरोबर बसली होती.

इस्पितळात तशी माणसं परकी नसतातच. रुग्णांना उचलणारी, पुसणारी बाई सगळ्यांची मावशी. शुश्रूषा करणारी बाई सिस्टर, आणि तेच काम करणारा पुरुष तो ब्रदर. त्या दुपारी पाळीवर मावशी होती, एक नवी तरुण डॉक्टरीण होती, आणि हा आपला ब्रदर होता. टक्कल पडलेला, खांद्यांनी रुंद, आवाजाने मऊ. काड्याला बघताच त्याने जबडा एकदा डावीकडे सरकवला. आत कट्कन वाजलं.

ही सवय मागच्या हिवाळ्यातली. असाच एक पोरगा पिऊन आला होता आणि त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून ब्रदरच्या तोंडावर मारला होता. जबडा दोन जागी मोडला. दात तारेने बांधून ठेवले होते, आणि ब्रदर कित्येक आठवडे नळीने पातळ ओढून पीत होता. त्याची धाकटी लेक त्याच्या बंद तोंडाला घाबरून त्याच्याजवळ यायची नाही. ते दिवस गेले, जबडा सांधला, लेकही परत मांडीवर बसू लागली. पण एक गोष्ट आत राहिली. ब्रदरने एक पकड शिकून घेतली. मनगट धरायचं, अंगठा आत दाबायचा, कोपर वर न्यायचं आणि पिळायचं. घरी ओल्या टॉवेलवर तो ती घोटायचा. सकाळी देवापुढे हात जोडून डोळे मिटायचा, तर मिटल्या डोळ्यांपुढे देवाऐवजी एक मनगट यायचं. कोणाचं ते त्याला माहीत नव्हतं. येईल कोणीतरी, एवढंच माहीत होतं.

मावशीने आणि ब्रदरने मिळून ढोल्याला ट्रॉलीवर घातलं. बॅगेमुळे तो कुशीवरच पडला, तोंड भिंतीकडे, गाल चादरीवर दाबलेला.

"किती प्यायलाय हा?" डॉक्टरणीने विचारलं.

"काल परीक्षा संपली ना," मुलगी धापा टाकत म्हणाली. "सकाळपासून बसलो होतो. एका दमात बाटली संपवायची अशी पैज होती. काड्याची अर्ध्यात राहिली. ढोल्याने संपवली."

"सकाळपासून?" मावशीने कपाळाला हात लावला. "दात तरी घासले होते का रे?"

"बॅग काढा आधी," डॉक्टरीण म्हणाली. "छाती बघू दे मला."

तेवढं ऐकलं आणि भिंतीला टेकलेला काड्या सरळ झाला.

"बॅगला हात लावायचा नाही."

"बाळा, बाजूला हो," मावशी म्हणाली.

"ए म्हातारे! हात लावायचा नाही म्हटलं ना!"

त्याने मावशीला ढकललं. ती औषधांच्या ट्रेवर गेली, ट्रे खाली गेला, काचेच्या बाटल्या फुटून फरशीभर पसरल्या. मुलगी ओरडली. काड्या ट्रॉलीला आडवा झाला, बॅगेचा लोंबणारा पट्टा त्याने आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने हवेत बुक्के मारू लागला. डोळे लाल, तोंडाला फेस. आई-बहिणीवरून त्याने जे काही म्हटलं ते इथे म्हणण्यासारखं नाही.

"ब्रदर!" डॉक्टरीण मागे सरत म्हणाली.

ब्रदर पुढे झाला. मऊ आवाजात म्हणाला, "सोड पट्टा. मित्राचं भलं व्हावं असं वाटतं ना तुला?"

"ए टकल्या, तुला काय माहीत रे! तुला काय माहीत!"

आणि काड्याने डोकं मारलं. उंचीने तो कमी होता, त्यामुळे त्याचं कपाळ खालून वर आलं आणि नेमकं जबड्याच्या सांध्यावर बसलं. ब्रदरच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. तोंडात रक्ताची चव आली. तो हात टेकून सावरला. त्याने जीभ फिरवून दात बघितले, रक्त गिळलं, आणि मग अगदी शांतपणे काड्याचं पट्टा गुंडाळलेलं मनगट धरलं.

अंगठा आत. कोपर वर.

काड्याने त्याच्या मांडीवर लाथ मारली, पोटरीवर मारली. ब्रदर हलला नाही. पीळ पुरेसा झाला होता, बोटं आपोआप उघडली होती, पट्टा सुटायला लागला होता. तिथे थांबता आलं असतं. ब्रदरने आणखी अर्धा फेरा दिला.

हाड मोडलं. ओली काटकी मोडावी तसं, आतल्या आत. नाही, सुरुवातीला म्हटलं तो आवाज हा नव्हे. हा आवाज सगळ्यांनी ऐकला. मुलीने कान झाकून घेतले.

काड्या किंचाळला आणि किंचाळताना उरला होता तो सगळा जोर एकवटून त्याने पाय झाडले. एक लाथ डॉक्टरणीच्या पोटात बसली. ती वाकून खाली बसली. मावशी कात्री घेऊन धावली. बॅगेचे पट्टे तिने कचाकच कापले, छातीवरचा पट्टा सोडवला आणि बॅग ओढून जमिनीवर टाकली. मग तीही काड्याच्या पायांवर येऊन बसली. ब्रदरने त्याला पालथा पाडला, पाठीत गुडघा रोवला, मोडका हात मागे ओढून धरला. फरशीवरच्या काचा काड्याच्या गालात रुतल्या. बाहेरचा पहारेकरी धावत आला, त्याने मान दाबली. कळवळत उठलेली डॉक्टरीण गुंगीचं इंजेक्शन शोधू लागली. दारातली मुलगी डोळे मिटून भिंतीला चिकटली होती. एका काडीएवढ्या पोरावर इतकी माणसं जमली, आणि ट्रॉलीकडे कोणाचीही नजर राहिली नाही.

ट्रॉलीवरचा ढोल्या हळूच कलला. पाठीला आता आडकाठी नव्हती. आधी खांदा गेला, मग कंबर, आणि तो उताणा झाला, तोंड छताकडे. एक हात ट्रॉलीच्या कडेवरून खाली लोंबू लागला.

काड्याचा गाल फरशीला होता. त्याला तो हात दिसला. आणि वरून एक आवाज त्याला ऐकू आला, तुंबलेल्या मोरीतून पाणी ओढलं जावं तसा.

"वळवा!" तो ओरडला. "वळवा त्याला! वळवा रे!"

"गप!" ब्रदरने हाताने त्याचं तोंड दाबलं. दारू चढलेला माणूस काय वाटेल ते ओरडतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं.

काड्या त्याच्या तळव्याला चावला. ब्रदरने त्याचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा. हात उचलला, दुसऱ्यांदा आपटायला. आणि तेव्हा खालचं अंग एकाएकी सैल पडलं. झटापट गेली, शिव्या गेल्या. काड्याच्या ओठांवर रक्त आणि काचेची भुकटी होती. तो बोलला, पण इतक्या हळू की वाकलेल्या ब्रदरशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

"ब्रदर, तुमच्या पाया पडतो. मला मारा. नंतर मारा. आधी त्याला वळवा."

हा तो आवाज.

ब्रदरने मान वर केली.

ढोल्याचा चेहरा जांभळा पडला होता. तोंड उघडं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि छाती वर जाऊन अडत होती. ब्रदर गुडघा काढून कसा उठला, काचांवरून कसा घसरला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. त्याने दोन्ही हातांनी ढोल्याला खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे खेचलं. सगळा भार कुशीवर आला. तोंडातलं भसाभस बाहेर पडलं, ब्रदरच्या पोटावर, मांड्यांवर, पायांवर.

"सक्शन!" तो गरजला. "मॅडम, सक्शन!"

डॉक्टरीण पोट धरूनच धावली. नळी घशात गेली, यंत्र घरघरलं. एक क्षण काहीच झालं नाही. ब्रदर ढोल्याच्या पाठीत तळव्याने मारत होता आणि पुटपुटत होता. देवाचं नाव घेत होता की शिवी देत होता, कोण जाणे. मग ढोल्या खोकला. पुन्हा खोकला, आणि पहिला श्वास आत गेला तो अख्ख्या खोलीला ऐकू आला.

फरशीवर काड्या मोडकं मनगट छातीशी धरून पडला होता. पहारेकऱ्याने त्याच्या मानेवरचा हात काढून घेतला होता.

"धरा हं त्याला," काड्या म्हणाला. त्याचे डोळे मिटत होते. "सोडू नका. धरा."

पाठीशी उशा लावल्या तर ढोल्या कुशीवर राहिला असता. डॉक्टरणीने तसं सांगितलंही. मावशीने उशा आणल्या, लावल्या. तरी ब्रदर हलला नाही. कपडे न बदलता, त्या वासासकट, पोराच्या पाठीला आपलं पोट टेकवून तो उभा राहिला.

मावशी काचा गोळा करायला बसली. मुलगी बाकावर बसून बॅग मांडीवर घेऊन तिचे कापलेले पट्टे बोटांनी जुळवून बघत होती.

"काय आहे गं त्या बॅगेत?" मावशीने विचारलं. "एवढा काय जीव टाकत होता तो?"

"पुस्तकं आहेत."

"कोणाची?"

मुलीने नाक पुसलं. "मागच्या वर्षीपर्यंत आमच्यात एक जण होता. आजोबा म्हणायचो आम्ही त्याला. आमच्याच वयाचा, पण त्याच्या बॅगेत छत्री असायची, डोकेदुखीची गोळी, सुई-दोरा, सगळं. कोणाला काही लागलं की हाक मारायची, आजोबा! तो प्यायचा नाही फारसा. त्या दिवशी आम्हीच चढवलं त्याला. मग पडला. आम्ही त्याला गादीवर नीट निजवलं. उताणा. उशी दिली, चादर घातली. घोरायला लागला. काड्या म्हणाला, बघा, आजोबा कसा घोरतोय. आम्ही हसलो."

मावशीचा केर भरणारा हात थांबला.

"मग घोरणं थांबलं," मुलगी म्हणाली. "आम्हाला वाटलं, आता शांत झोपला."

ट्रॉलीवर ढोल्याचा श्वास खरखरत आत जात होता, बाहेर येत होता. ब्रदरने त्याच्या बरगडीवर हात ठेवला.

"काकूंनी, त्याच्या आईने, ही बॅग काड्याला दिली. आत त्याचीच पुस्तकं भरून. म्हणाल्या, पिऊ नको असं माझ्या लेकाला मी रोज सांगत होते. त्याने ऐकलं नाही, तुम्ही काय ऐकणार! पण ज्याची शुद्ध जाईल त्याच्या पाठीला ही बांधा, म्हणजे उताणं होता येणार नाही. काड्याने त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला."

"आणि मग? पिणं कमी झालं तुमचं?"

मुलगी लगेच बोलली, विचार न करता. "उलट भीती गेली ना. आधी कोणीतरी बास म्हणायचं. आता बास म्हटलं की दुसरा म्हणतो, बॅग आहे की."

आपलंच वाक्य तिच्या कानांवर पडलं असावं. तिने बॅग मांडीवरून उचलून बाजूला, बाकावर ठेवली.

संध्याकाळपर्यंत ढोल्याला वरच्या वॉर्डात हलवलं. ऑक्सिजनची नळी नाकाला होती. जाता जाता त्याने एक डोळा उघडून विचारलं, "माझा बूट कुठंय?" मावशी म्हणाली, "जीव सापडला तेवढं बघ आधी," आणि तोंडाला पदर लावून रडली.

काड्याचं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. प्लॅस्टर ओलं असताना हात ब्रदरनेच सरळ धरून ठेवला. गुंडाळता गुंडाळता डॉक्टरीण हलक्या आवाजात म्हणाली, "धरपकडीत पडून मोडलं, असंच ना?"

ब्रदरने जबडा सरकवला. कट्कन वाजलं. तिने प्लॅस्टरचा पुढचा वेढा घेतला.

काड्याची उतरली तेव्हा खिडकीतला उजेड भुरा झाला होता. तो कॉटवर उठून बसला, प्लॅस्टरकडे बघत राहिला, मग समोर स्टुलावर बसलेल्या ब्रदरकडे.

"मी तुम्हाला मारलं म्हणे."

"डोकं मारलंस."

"लागलं?"

"जिथे लागायला नको तिथेच."

"सॉरी." काड्याने खाली बघितलं. "ढोल्या?"

"वर आहे. बूट मागतोय."

काड्या हसायला गेला, पण गालावरचे टाके ताणले गेले. त्याने प्लॅस्टर थोडं वर उचललं. "आणि हे? पडलो का मी कुठे?"

दार लोटलेलं होतं. मावशी बाहेर गेली होती. पोराला काहीच आठवत नव्हतं. हो, पडलास, एवढं म्हटलं की सगळं जागच्या जागी बसणार होतं, नोकरीसकट.

"मी मोडलं," ब्रदर म्हणाला.

"मला आवरताना?"

"तू आवरला होतास. पट्टा सुटला होता." ब्रदर आपल्या तळव्यावरच्या दातांच्या खुणांकडे बघत होता. "त्यानंतर मोडलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

काड्या बराच वेळ मान हलवत राहिला, कोणीतरी अवघड हिशेब समजावून द्यावा आणि तो पटत जावा तसा. मग त्याने दुसरंच विचारलं.

"पट्टा सुटला म्हणजे बॅग निघाली होती?"

"हो."

"मग तो उताणा..."

"झाला होता. तू ओरडून सांगत होतास. मी तुझं तोंड दाबलं होतं."

"मग?"

"मग तू हळू सांगितलंस. तेव्हा वळवला. मग धरूनच होतो."

"सोडला नाही ना?"

"नाही."

काड्याने डोळे पुसले, चांगल्या हाताच्या मनगटाने. ब्रदर उठला, बाकावरची बॅग घेऊन आला आणि त्याच्या पायांशी ठेवली. पट्टे चार तुकड्यांत लोंबत होते.

"तक्रार करायची तर कर," तो म्हणाला. "मी नाही म्हणणार नाही. पण आधी हे शिवून देतो. घट्ट टाके घालता येतात मला. पुन्हा तुटायचे नाहीत."

काड्याने बॅगेवर हात ठेवला. कापडावरून तो हळूहळू फिरवत राहिला, आतली पुस्तकं बाहेरूनच ओळखावीत तसा. बाहेर मुलीचा आवाज आला, "काड्या, गाडी आलीय."

"नको," काड्या म्हणाला. "शिवू नका."

"मग बांधणार कशी?"

"अशीच नेतो. काकूंना दाखवायचीय."

एका हाताने ती उचलेना. ब्रदरने ती उचलून त्याच्या छातीशी दिली, तशी त्याने प्लॅस्टरचा हात खालून लावला आणि निजलेलं मूल न्यावं तशी सांभाळून नेली. दाराची मोडकी झडप मुलीने धरून ठेवली होती. तिथे थांबून त्याने एकदा मागे बघितलं.

ब्रदर बेसिनपाशी गेला. त्याने कोपरापर्यंत साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, चावलेल्या तळव्यावर, आणि पाणी वाहू दिलं. नळ बंद करून पाणी निथळावं म्हणून दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, तर ते तसेच राहिले. त्याने डोळे मिटले. किती तरी महिन्यांनी मिटल्या डोळ्यांपुढे ते मनगट आलं नाही. एक पाठ आली, रुंद, ओली, श्वासाने वर-खाली होणारी.

झाली गोष्ट. आता उठा, घरी जा, वाट सांभाळून जा. ब्रदरचं पुढे काय झालं, काड्याने काकूंच्या दारात उभं राहून काय सांगितलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक आणि देवाला ठाऊक. एवढंच मागणं आहे. आज अंथरुणावर पडाल आणि झोप यायच्या आधी कूस बदलाल, तेव्हा त्या आजोबाची आठवण ठेवा. सगळ्यांसाठी सुई-दोरा घेऊन फिरणारा तो पोरगा, ज्याला मित्रांनी मायेने उशी दिली, चादर घातली, आणि ज्याला कुशीवर वळवायचं मात्र कोणाला सुचलं नाही.